फ्रीजवरचा डबा

"ताई, साहेबांच्या दाढेच्या वेळच्या त्या गोळ्या उरल्यात का हो?"

मावशी कांदा चिरत होत्या. जुलैचा तिसरा आठवडा, सलग तीन दिवस झड लागलेली, गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं. सकाळपासून अख्ख्या नाशिकच्या फोनवर एकच फोटो फिरत होता, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचा. मावशींचा धाकटा मुलगा टेम्पो चालवतो. त्याचा घसा सुजला होता, दोन दिवस ताप, थुंकी गिळवत नव्हती. "दवाखान्यात नेलं तर तपासणीचे तीनशे, वर औषधं, वर दिवसाचा खाडा," मावशी म्हणाल्या. बोलण्यात कुरकुर अजिबात नव्हती, मेथीची जुडी कितीला मिळाली ते सांगावं तसा आवाज. मी हात पुसला आणि फ्रीजवरचा डबा खाली घेतला. चिवड्याचा जुना पत्र्याचा डबा आहे तो. त्यात अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या, डोळ्यांच्या थेंबांची कधीचीच मुदत संपलेली बाटली, जलसंजीवनीची पुडी, रबरबँड लावलेली कात्री. दाढेच्या गोळ्या सापडल्या. दहापैकी चार शिल्लक होत्या, कारण तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं म्हणून नवऱ्याने त्या परस्पर बंद केल्या होत्या. चारही मी कागदात गुंडाळून दिल्या आणि वर म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ एकेक, जेवल्यावर." हे इतक्या सराईतपणे म्हणाले की मावशींनी नुसती मान डोलावली.

मी बावीस वर्षं मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम केलं आहे.

त्या लॅबचा वास अजून नाकात आहे. इन्क्युबेटरचं दार उघडलं की उबदार, आंबूस, किंचित शिळ्या रश्श्यासारखी वाफ तोंडावर यायची. नवीन मुली पहिल्या आठवड्यात पदर नाहीतर ओढणी नाकाला लावायच्या आणि दुसऱ्या आठवड्यात प्लेटचं झाकण उचलून, लांबूनच का होईना, वासावरून जिवाणू ओळखायला लागायच्या. हे करू नये असं नियम सांगतो, सगळेच करायचे. स्यूडोमोनासच्या प्लेटला गोडसर द्राक्षांचा वास येतो. हे पुस्तकातच आहे, पण नाशिकमध्ये त्याची गंमत वेगळी. फेब्रुवारीत निफाड-पिंपळगावच्या रस्त्याने जाताना येतो, अगदी तोच. आमच्यातली दिंडोरीची एक जण म्हणायची, "मॅडम, आमच्या मळ्यात आल्यासारखं वाटतं." बाकीच्या हसायच्या. पण हिरवट रंगाची, द्राक्षाच्या वासाची ती प्लेट बहुतेक वेळा एखाद्या भाजलेल्या किंवा बरेच दिवस व्हेंटिलेटरवर असलेल्या माणसाची असायची, आणि तिच्यावर औषधांची यादी लावली की कोणकोणती चालणार नाहीत हे आधीच अर्धंअधिक ठाऊक असायचं.

ज्यांनी ही प्लेट पाहिली नाही त्यांना सांगते. फिकट पिवळसर जेलीवर रुग्णाचे जिवाणू कापसाच्या बोळ्याने सारवायचे, अंगण सारवतात तसे, एकही जागा न सोडता. मग प्रत्येक अँटिबायोटिकची एक छोटी गोल कागदी टिकली त्यावर ठेवायची. रात्रभर उबेत ठेवलं की सगळीकडे दाट सायीसारखी वाढ येते, आणि ज्या टिकलीचं औषध चालतं तिच्याभोवती स्वच्छ गोल राहतो. त्या गोलाचा व्यास मिलिमीटरच्या पट्टीने मोजायचा. पुरेसा मोठा असला तर रिपोर्टवर 'एस', सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध चालेल; नसला तर 'आर', रेझिस्टंट, म्हणजे चालणार नाही. कधी कधी स्वच्छ गोलाच्या आत एक-दोन टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके उगवलेले दिसायचे. बाकी सगळे मेले, हे दोघं उरले. मी त्या ठिपक्यांकडे जरा जास्तच वेळ बघत बसायची. एकदा एक कोवळा मुलगा वडिलांचा रिपोर्ट घेऊन काउंटरवर आला. वडील आयसीयूत. कागदावर वरपासून खालपर्यंत 'आर' होता, तळाशी कुठेतरी एक 'एस'. त्याने विचारलं, "आर म्हणजे राइट ना, मॅडम?" मी म्हटलं, डॉक्टर समजावून सांगतील. आमच्या कामात एवढंच सांगायची परवानगी असते, आणि त्या दिवशी त्या नियमामागे लपता आलं याचं मला बरंही वाटलं होतं.

जुन्या नाशकात, तांबट लेनच्या बाजूला, आमच्या सासरचा वाडा होता. भाडेकरू आणि मालक यांच्यातला वाद कोर्टात, त्यामुळे दुरुस्ती कुणीच करायची नाही असा अलिखित करार. दगड-विटा, मध्ये पांढरी माती, अशी दोन हात जाड भिंत. एका पावसाळ्यात सासऱ्यांनी जिन्याशेजारच्या भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "हिला पोट आलंय." मला दिसलं नाही. त्यांनी माझा हात धरून तिथे टेकवला, तेव्हा कळलं. भिंत गार, ओलसर, आणि मधोमध बाहेर आलेली, सातव्या महिन्यातल्या बाईसारखी. दोन वर्षं ती तशीच उभी राहिली. मग ऑगस्टमधल्या एका रात्री, पाऊस उघडल्यानंतर तासाभराने, बोळाच्या अंगाला बसली. धडाड असा आवाज नाही झाला. पोतं टेकवल्यासारखा झाला. कुणाला लागलं नाही, एक सायकल गेली. सकाळी महापालिकेचा माणूस पंचनाम्याला आला आणि विचारायला लागला, पाडली कुणी? सासरे म्हणाले, "कुणी नाही. गवंडी लावला नाही, एवढंच."

पेनिसिलिन नेमकं हेच करतं.

लोकांना वाटतं की औषध जाऊन जिवाणूची भिंत फोडतं. तसं नाही. जिवाणूच्या आत सगळं इतकं दाटीवाटीने भरलेलं असतं की बाहेरचं पाणी सारखं आत घुसू पाहतं, आणि आतला दाब मोटारीच्या टायरपेक्षाही कितीतरी जास्त असू शकतो. त्या दाबाला भिंत आवरून धरते. ही भिंत म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, आणि एका साखळीला दुसरीशी बांधणारे प्रथिनांचे छोटे आडवे टाके. सगळी मिळून एक अखंड जाळीदार पिशवी. जिवाणू वाढतो तेव्हा या पिशवीतले जुने टाके उसवायचे आणि नवे घालायचे हे काम सतत चालू असतं. नवे टाके घालणारं एक एन्झाइम असतं. त्याला गवंडी म्हणू. तो ज्या विटेचं टोक हातात घेतो, त्या टोकाशी पेनिसिलिनच्या रेणूचा चेहरा मिळताजुळता आहे. गवंडी त्याला वीट समजून उचलतो आणि त्याचा हात तिथेच चिकटतो, कायमचा. उसवणारे मात्र आपलं काम करत राहतात. भिंतीला पोट येतं, आणि एका क्षणी पाणी आत शिरून सगळं फुटतं. ज्यांची औषधं आधीच सुरू असायची अशांच्या लघवीच्या नमुन्यात मी असे जिवाणू पाहिलेत. आखूड दांडक्यांऐवजी लांबच लांब दोरे, मध्येच फुगलेले. दर वेळी सासऱ्यांचा तळहात आठवायचा. माणसाच्या पेशीला ही भिंतच नाही, नुसता पातळ पापुद्रा आहे, म्हणून हे औषध आपल्याला भिंतीच्या बाबतीत काहीच करू शकत नाही. आणि जो जिवाणू वाढतच नाहीये, गप्प निजून आहे, त्यालाही नाही. गवंडीकाम बंद असलेल्या घरी गवंड्याचा हात धरून उपयोग काय?

भिंतीवर हल्ला करणारं आपल्याकडेही घरचं काहीतरी आहे. मावशींच्या डोळ्यांतून त्या दिवशी कांद्याने जे पाणी वाहत होतं, त्यात लायसोझाइम असतं. ते त्या साखरेच्या साखळ्याच कातरतं. अलेक्झांडर फ्लेमिंगने पेनिसिलिनच्या आधी, १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला, हे शोधलं होतं, आणि अश्रू गोळा करायला प्रयोगशाळेतल्या लोकांच्या डोळ्यांत लिंबू पिळायचा म्हणे. लासलगावचा कांदा मिळाला असता तर बिचाऱ्यांचे हाल वाचले असते.

आता 'आर'. हे गवंडी-प्रकरण जिवाणूंना आपल्याआधी फार पूर्वीपासून ठाऊक आहे, कारण बुरशी आणि जिवाणू मातीत युगानुयुगं शेजारी राहत आलेत. पेनिसिलिन दवाखान्यांत सर्रास पोचायच्या आधीच, १९४० साली, अब्राहम आणि चेन यांनी त्याला निकामी करणारं एन्झाइम जिवाणूंत दाखवलं होतं. पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंची एक ताणलेली कडी असते, सगळा जीव त्या कडीत. एन्झाइम ती कडी तोडतं, की औषध म्हणजे नुसता चुरा. आमच्या डब्यातली ती गोळी, जिला मेडिकलवाल्यापासून मावशींपर्यंत सगळे नुसतं 'सहाशे पंचवीस' म्हणतात, ती या भांडणातूनच जन्मली. त्यात ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन, भिंतीसाठी. आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड, जे स्वतः फारसं काही मारत नाही, फक्त त्या तोडणाऱ्या एन्झाइमच्या तोंडी आमिष म्हणून जातं आणि त्याला घेऊन मरतं. नवऱ्याचं पोट बिघडलं तेही बहुधा त्याच आमिषाने. मग असे जिवाणू आले ज्यांचं एन्झाइम आमिषालाही बधत नाही. काहींनी गवंडीच बदलला, नव्या गवंड्याच्या हाताला पेनिसिलिन चिकटतच नाही. काहींनी दारं बारीक केली. द्राक्षाच्या वासाचा आमचा स्यूडोमोनास तर आत आलेलं औषध पंप लावून बाहेर फेकतो, तळघरात पाणी शिरल्यावर सराफ बाजारातले दुकानदार फेकतात तसं.

आणि या युक्त्या ते एकमेकांना देतात. नुसत्या मुलाबाळांना नाही, शेजाऱ्यालाही, वेगळ्या जातीच्या शेजाऱ्यालाही. एक छोटं गोल डीएनए असतं, प्लाझ्मिड. दोन जिवाणू एकमेकांना टेकतात, मध्ये बारीक पूल तयार होतो, आणि त्या डीएनएची नक्कल पलीकडे जाते. देणाऱ्याचं काही कमी होत नाही. वाड्यात असताना गॅलरीतून वाटीभर साखर उसनी जायची, तिची मला आठवण होते. फरक इतकाच की इथे वाटी भरलेलीच राहते.

फ्लेमिंगला १९४५ साली फ्लोरी आणि चेन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. डिसेंबरातल्या व्याख्यानाच्या शेवटी त्याने एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. त्याचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून थोडंसं घेतो. जंतू मरायला अपुरं, पण शिकायला पुरेसं. मग बायकोला त्याच्याकडून लागण होते, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती मरते. घसा दुखणारा माणूस, परस्पर घेतलेलं औषध, तेही अर्धवट. ही गोष्ट मी दर वर्षी नव्या मुलींना सांगायची. फक्त त्या गोष्टीत एक पात्र नव्हतं. त्या गृहस्थाला पेनिसिलिन कागदात गुंडाळून देणारी बाई.

ती आमच्या घरात मात्र पिढ्यांची आहे. आमची आई सटाण्याला असाच डबा ठेवायची, हळदीकुंकवाच्या पेटीशेजारी. तिच्या घरात काही वाया जायचं नाही. भाकरीचा कुटका सकाळी कुस्करून, साडीची गोधडी, गोधडीचं पायपुसणं. तिथे गोळी कशी फेकणार? गोळी तर विकत आणलेली. शिवाय तिच्या मनात औषधाची भीती होती, "गरम पडतं," आणि म्हणून ताप उतरला की लगेच बंद. काटकसर आणि माया, दोन्ही त्या एका डब्यात. गल्लीत कुणाचं पोर आजारी पडलं की आई डबा घेऊन बसायची, आणि त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे असायचं ते माझ्याही चेहऱ्यावर त्या जुलैच्या सकाळी होतं, हे मला चांगलं माहीत आहे.

आजोबांना टीबी झाला होता. तेव्हा स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया असायच्या; नव्वद टोचल्या, असं ते मोजून सांगायचे. जगले. नंतर ऐकू कमी यायला लागलं, ते त्या सुयांमुळेच, पण त्याबद्दल त्यांनी औषधाला कधी बोल लावला नाही. हे औषध भिंतीला हात लावत नाही, आत शिरून जिवाणूचा प्रथिनांचा कारखाना बिघडवतं. ते नाव मला पुन्हा भेटलं भावाच्या डाळिंबाच्या बागेत. मृग बहार, आभाळ भरलेलं, फळांवर तेलकट डाग पडायला लागलेले, डागावरून साल तडकलेली. तेल्या. तोही जिवाणूच. दादा निळ्या टपात पुड्या फोडत होता, कॉपरच्या पावडरीबरोबर कालवत होता. पुडीवर बारीक अक्षरात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. माझ्या पोटात खड्डा पडला. मी म्हटलं, "दादा, हे माणसांचं औषध आहे रे. टीबीचं." तो म्हणाला, "मग माणसांनाच वाचवतोय ना. कर्ज कुणाच्या नावावर आहे?" २०२१च्या अखेरीस केंद्राने शेतीत हे मिश्रण बंद करण्याचा मसुदा काढला. पण त्या दिवशी टपात काठी फिरत होती आणि पाणी मातीत मुरत होतं, आणि त्या मातीत काय काय शिकणार होतं हे मला लॅबमधून दिसत होतं, त्याला घराच्या उंबऱ्यातून हप्ता दिसत होता.

मी पुढे काहीच बोलले नाही. संध्याकाळी डाळिंबाची पेटी घेऊन परत आले.

मावशींच्या बाबतीतही मनाशी हिशेब मांडून पाहिला. त्या पोराचा घसा बहुतेक विषाणूचा असणार; पावसाळ्यात असले बहुतेक घसे त्याचेच. विषाणूला भिंत नाही, गवंडी नाही, तेव्हा गोळी घसा बरा करायला गेलीच नसणार. ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपोआप उतरतो, श्रेय गोळीला मिळतं. पण गोळी फुकट जात नाही. ती आतड्यात पोचते, जिथे काहीच गुन्हा न केलेले असंख्य जिवाणू राहतात, आणि त्यांची चाळणी करते. कच्चे जातात, युक्ती असलेले उरतात. ज्याच्यावर नेम धरला तो जागेवर नव्हताच, आणि गोळीबार शेजारच्या वस्तीत झाला. बरं, मी त्याला पूर्ण कोर्स दिला असता तर बरोबर झालं असतं का? तेही नाही. आम्ही वर्षानुवर्षं 'कोर्स पूर्ण करा' असं घोकलं, आणि २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही डॉक्टरांनी लिहिलं की या उपदेशाला भक्कम आधार नाही, बऱ्याच आजारांत कमी दिवस पुरतात. टीबीचं वेगळं, तिथे मध्येच सोडणं म्हणजे घात. म्हणजे किती दिवस हे ज्याने तपासलं त्यानेच सांगायचं. त्या पोराला कुणी तपासलंच नव्हतं. तीनशे रुपये आणि एक खाडा. माझ्याकडे ते तीनशे होते, हे मला रात्री आडवं पडल्यावर सुचलं.

चार दिवसांनी मावशी खुशीत आल्या. "एका दिवसात उतरला बघा ताप. दोनच घेतल्या. दोन ठेवून दिल्या आहेत, डब्यात."

त्यांच्याही घरी डबा होता.

मग मी आमचा डबा साफ करायला काढला. सेफिक्झिम या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या निघाल्या, पट्टीवर ती उभी लाल रेघ. ही गोळी २०१४ पासून एच-वन यादीत आहे. दुकानदाराने वहीत डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव लिहून मगच द्यायची. वही दुकानात असते. घरातल्या डब्याला वही नसते. गोळ्या टाकू म्हटलं तर कुठे? बेसिनमध्ये सोडल्या तर पुढे गोदावरी. घंटागाडीत दिल्या तर कचरा डेपो, तिथली माती, तिथली कुत्री, तिथे हाताने कचरा निवडणाऱ्या बाया. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला विचारलं, परत घेता का? तो हसला आणि म्हणाला, "काकू, पैसे नाही मिळायचे." घंटागाडीचं गाणं खालून दोनदा येऊन गेलं. पट्टी पुन्हा डब्यात, डबा पुन्हा फ्रीजवर.

ऑगस्ट लागला. पूर ओसरला, रामकुंडावर चिखल काढायला माणसं लागली. एका सकाळी मावशी कणीक मळत असताना मी मुद्दाम विषय काढला. त्यांना बसवून नीट सांगायचं ठरवलं होतं. भिंत, पोट, गवंडी, त्यांना कळेल असं सगळं मनात जुळवूनही ठेवलं होतं. सुरुवातीला म्हटलं, "मावशी, त्या दोन गोळ्या आहेत का हो अजून? मला परत हव्या होत्या."

"त्या ना?" त्यांनी परातीच्या कडेला हात पुसले. "शेजारणीच्या सुनेला दिल्या. दाढ ठणकत होती तिची, रात्रभर रडत होती पोर. तिलाही बरं वाटलं, ताई. पण आता परत सुजलंय. तीच म्हणत होती, तुमच्या ताईंकडे अजून असतील का बघ."

मी नाहीत म्हटलं. डबा माझ्या मागे फ्रीजवरच होता, आणि मावशींना तो दिसत होता.